क्लीनर साइडचा बोल्ट

शनिवारी माझ्या हातून एका ७५ वर्षांच्या म्हातारीचा बोल्ट तुटला. म्हातारी म्हणजे शेजारच्या काकांची १९५० ची प्लिमथ गाडी. काका मी इथे लिहिताना म्हणते, तोंडावर त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, ऐंशीला टेकलेल्या माणसाला! इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी जीभ जरा अडखळतेच.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून चालत पाच मिनिटांवर. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ मध्ये फर्नडेलच्या लोकांनी पोरांच्या सॉकर मैदानासाठी पैसे जमवायला सुरू केली होती, आता फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत रस्ता फुललेला असतो, लोक फूटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर नुसत्या गाड्या बघत बसतात. त्या क्रूझमध्ये प्लिमथ न्यायची असं काकांनी ठरवलंय. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, म्हणून चाकं, ब्रेक वगैरे जमिनीलगतचं सगळं काम माझ्याकडे. नवरा म्हणतो आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतेस आणि शनिवारी फुकट दुसऱ्याच्या गाडीखाली लोळतेस. म्हणू दे.

तर बोल्ट. गॅरेजमध्ये वाढलेल्यांना माहीत असेल, या जुन्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथ गाड्यांच्या डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात, म्हणजे काढायला पाना नेहमीच्या उलट फिरवायचा. चाक फिरताना बोल्ट सैल पडू नये म्हणून कंपनीने केलेली युक्ती. बाबांच्या गॅरेजमध्ये नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून हे घोकून घ्यायचे, "ड्रायव्हर साइड सरळ, क्लीनर साइड उलटी." आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याच्या शेजारची डावी बाजू ती क्लीनर साइड. सात-आठ वर्षांची मीही ते पाढ्यांसारखं म्हणायचे. तेच डोक्यात ठेवून मी परवा प्लिमथच्या क्लीनर साइडला बसले, पान्यात पाइप घातला आणि उलट्या आट्यांच्या हिशोबाने दिला जोर. बोल्ट हलेना. गंजलाय म्हणून अजून जोर, वर पाय देऊन उभी राहिले. कट्. डोकं हातात आणि दांडा आत.

लक्षात आलं का? मला यायला अख्खं मिनिट लागलं. इथे स्टेअरिंग डावीकडे! म्हणजे क्लीनर साइड उजवी, म्हणजे आटे सरळ, म्हणजे मी मगाचपासून बोल्ट काढत नव्हते, आवळत होते. बाबांनी डावं-उजवं शिकवलंच नव्हतं ना, साइड शिकवली होती. गाडी कुर्ल्याची असती तर नियम बरोबर होता.

हो, कुर्ल्याचीच म्हणतेय. मागच्या महिन्यात काकांचे एक मित्र कॉफी घेऊन आले होते, मी जुन्या प्लिमथमध्ये बसून लहानाची मोठी झाले म्हटल्यावर त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, भारतात तेव्हा गाड्या होत्या? झालं. माझी जी गाडी सुटली ती थांबेना. म्हटलं जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरोले जोडत होती, १९५४ पर्यंत. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडायला लागल्या, या इथल्या क्रायस्लरबरोबर करार करून. फियाट नंतर आली. ते बिचारे मान हलवत राहिले आणि मी पद्मिनीपर्यंत पोचले, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेही सांगितलं, त्याचा काय संबंध देव जाणे.

त्या भाषणात एक गोष्ट मी गाळली. माझे आजोबा प्रीमियरमध्ये फिटर होते, पेटाऱ्यांतून आलेले सुटे भाग जोडून त्यांनी किती गाड्या उभ्या केल्या असतील त्याचा हिशोब नाही, पण मागच्या सीटवर बसून प्रवास असा त्यांनी एकदाच केला, तोही साहेबाच्या मुलीच्या लग्नात, मांडीवर बर्फाची लादी घेऊन.

त्या पेटाऱ्यांची लाकडं मात्र भारी असायची. आजोबांनी काही फळ्या चार-आठ आण्यांना सोडवून आणल्या होत्या आणि चाळीतल्या आमच्या खोलीत त्यांचा माळा केला होता. त्यातल्या एका फळीवर काळ्या रंगात ठोकलेली इंग्रजी अक्षरं होती, शेवट करवतीत गेलेला, उरलं होतं फक्त 'डेट्रो'. मी माळ्याखाली झोपायचे. इंग्रजी वाचायला यायच्या आधीपासून ती अक्षरं मला तोंडपाठ होती, आणि ती उलटी होती, कारण आजोबांनी फळी उलटी ठोकली होती.

हे मी काकांना एकदा सांगितलं. त्यांचे वडील इथे लिंच रोडच्या प्लिमथ कारखान्यात होते, त्यामुळे मला वाटलं आता कसं छान जुळतंय बघा, यांच्या वडिलांनी पेटारे भरले आणि माझ्या आजोबांनी उघडले! काका म्हणाले, नाही नाही, वडील रंगखात्यात होते, पेटाऱ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. असू दे.

काकांचं काम बघून आधी मला धाप लागली होती. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख, कुठून काढला, किती वळसे. कारखान्याचं मूळ मॅन्युअल, त्याची दुसरी प्रत तेलकट हातांसाठी. आणि सामान! १९५० च्या गाडीचं व्हील सिलेंडर किट यांनी रात्री मागवलं आणि चौथ्या दिवशी दारात. दाराचं रबर, काचेचं रबर, मूळ नक्षीचं सीटचं कापड, सगळं अजून कोणी ना कोणी बनवतंय. गाडीच्या नाकावरचं प्लिमथचं चिन्ह, मेफ्लॉवर जहाज, तेवढं फक्त यांनी नवीन घेतलं नाही, जुनंच चमकवून लावणार म्हणाले. सहा व्होल्टची बॅटरी आणि तिचा पॉझिटिव्ह बॉडीला, हेसुद्धा बदललेलं नाही, बारा व्होल्ट करून टाका म्हणणाऱ्यांशी काका भांडतात. इथल्या मिशिगन राज्याचा नियमही मजेशीर आहे, गाडी २६ वर्षांची झाली की ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, मग ती फक्त प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या कामाला काढायची, पण ऑगस्टचा महिनाभर वाटेल तिथे फिरवा. म्हणजे गाडीला श्रावण पाळायला लावलाय, फक्त उलटा.

आपल्याकडे काय केलं आपण, भंगारात घातल्या, असं मी पहिले काही शनिवार मनातल्या मनात म्हणत होते. मग माझं मलाच ते पटेना झालं. बाबांकडे मॅन्युअल नव्हतं. १९७० नंतर या गाड्यांचं सामान यायचं कुठून? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एखादी उघडलेली डॉज शोधायची, नाहीतर चोर बाजार, नाहीतर लेथवर बनवून घ्यायचं. पॅकिंग कापायचं पुठ्ठ्यातून. ९७ हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं, म्हणून मालक त्यात परकिन्सचं डिझेल इंजिन बसवून घ्यायचे आणि तीच गाडी मागे पाच, पुढे तीन अशी माणसं भरून खंडाळ्याचा घाट चढायची, रेडिएटर उकळला की कॅनमधलं पाणी ओतायचं, टोपी पोत्याने धरून. सकाळी चालू झाली नाही की त्या दिवशी मालकाच्या घरी चूल बंद. काका एक कार्ब्युरेटर तीन महिने खोलून ठेवू शकतात कारण यांच्या दारात अजून दोन गाड्या आहेत. मूळ रंगाची छटा जुळवणं हे प्रेम आणि तीस वर्षं धंद्यावर चालवणं हा जुगाड, असं कसं? कोणी रिस्टोरेशन म्हटलं नाही म्हणून ते कमी ठरत नाही. (काका हे वाचणार नाहीत म्हणून लिहितेय. तसे ते फार चांगले आहेत.)

बोल्ट तुटल्यावरही ते ओरडले नाहीत. बघितलं, हं केलं, आणि कपाटातून जुन्या बोल्टचा डबा काढला, त्यावर लिहिलेलं, उजवे. डावे दुसऱ्या डब्यात. बाकीचे चार बोल्ट सरळ बाजूने काढून चाक उतरवलं, हबमधून दांडा बोटाच्या पेराएवढा बाहेर राहिला होता. ते ड्रिल शोधायला लागले तेव्हा मी म्हटलं थांबा, माझे वडील यावर नट ठेवून वेल्ड करायचे, तापून गंजही सुटतो आणि पाना लावायला डोकंही मिळतं. काकांनी भुवया वर केल्या पण वेल्डिंग मशीन ओढून आणलं. नट चिकटला, लाल झाला, काळा पडला. पाना लावला, या वेळी दिशा मोठ्याने म्हणून. दांडा असा निघाला जसा कालच बसवलेला.

रात्री दहाला फोन लावला, तिकडे रविवारची सकाळ, साडेसात. बाबा आता बदलापूरला भावाकडे असतात. म्हटलं बाबा, प्लिमथचा बोल्ट तोडला मी.

"कुठल्या साइडचा?"

"क्लीनर."

दोन सेकंद गेले. "अगं ए शहाणे, स्टेअरिंग कुठंय ते बघितलंस का?" आणि असे हसले की खोकला लागला.

मग म्हणाले मागचे ब्रेकचे ड्रम कधी काढणार. म्हटलं पुढच्या शनिवारी. मागचे ड्रम या गाडीचे नुसते ओढून येत नाहीत, अ‍ॅक्सल निमुळता असतो, हब त्यावर घट्ट बसतो, पुलर लागतो. बाबांकडे होता एक, रेल्वेच्या पट्टीतून लोहाराकडून करून घेतलेला, बारा किलोचा तरी असेल. २०१४ मध्ये गॅरेजची जागा सोडली तेव्हा भावाने विचारलं होतं हत्यारांचं काय करू आणि मीच इथून फोनवर म्हटलं, देऊन टाक, कोण वापरणारे. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, ग्रीन कार्डचं चालू होतं, मला येता येणं शक्यच नव्हतं, आणि आलेही असते तरी बारा किलोचा पुलर काय बॅगेत घालून आणणार होते? भंगारवाल्याने सगळं वजनावर नेलं.

"पुलर आहे का त्यांच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"आहे. विकतचा आहे."

"हं. चालेल." मग जरा थांबून, "हे बघ, नट सगळा काढायचा नाही. दोन-तीन आटे ठेवायचे धरून. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो, तोंडावर येईल. समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा. आणि त्यांनाही सांग."

मी हो म्हटलं. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, पाणी आलं, आणि बाबांनी फोन ठेवला.