पाणी किती फुटांवर?

कोल्हापुरात जुलै लागला की ओळखीची दोन माणसे भेटल्यावर एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. 'पाणी किती फुटांवर आहे?' असे विचारतात, आणि कुठले पाणी हे सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. हवामान बदलावर काम करायला मी निघाले, तेव्हा नेमका हाच प्रश्न विसरले होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि आमचे घर सोडून आम्हाला मावशीकडे राहावे लागले. मी तेव्हा नववीत होते. पुढच्याच महिन्यात जगभरचे विद्यार्थी हवामानासाठी रस्त्यावर उतरले. ग्रेटा थुनबर्ग वर्षभरापूर्वी स्टॉकहोममध्ये संसदेबाहेर एकटीच फलक घेऊन बसली होती, हे वाचून आम्ही सहा मैत्रिणी कार्बन उत्सर्जनावरचे फलक घेऊन दसरा चौकात उभ्या राहिलो. एका काकांनी स्कूटर थांबवून माझा फलक शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "बाळ, ह्यानं आमच्या गल्लीतलं पाणी कमी हुणार काय?" त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती, म्हणूनच मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधण्यातच पुढची वर्षे गेली. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते आणि ते थोड्या वेळात कोसळू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्याकडे भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चारही नद्या घाटमाथ्याचेच पाणी आणतात; तिथे सलग काही दिवस असा पाऊस झाला, की या नद्या एकत्र येऊन जिथे पंचगंगा होते, त्या प्रयाग चिखलीपासून पुढे पात्राला ते पेलत नाही. मात्र सगळे खापर हवामानावर फोडले तर पूररेषेत इमारती उभ्या करणारे आणि नदीच्या वाटेत भराव टाकणारे सुटतात, आणि सगळे खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर फोडले तर आपण सर्वच सुटतो. सभांमध्ये मी हे बोलते, तेव्हा टाळ्या थोड्या कमी पडतात.

सध्या आमचा गट फलक कमी आणि रंगाचे डबे जास्त वापरतो. घरमालकाची परवानगी घेऊन आम्ही भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा आखतो आणि प्रत्येक रेषेशेजारी त्या दिवशीची बंधाऱ्यावरची पातळी लिहितो, म्हणजे बातम्यांमधले फूट आपल्या उंबऱ्याशी ताडून पाहता येतात. काम कंटाळवाणे आहे. ओलीचे डाग पुसट झालेले असतात, त्यामुळे शेजारच्या आजींची आठवण, मोबाइलमधले जुने फोटो आणि जिन्याच्या पायऱ्या यांचा मेळ घालताना एका भिंतीला कधी आख्खा रविवार जातो. पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकलेल्या संख्याशास्त्राचा मला सर्वाधिक उपयोग इथेच झाला आहे.

विरोधही होतो, पण तो विज्ञानाला नसतो. गेल्या मे महिन्यात नागाळा पार्कमधल्या एका इमारतीत आम्ही परवानगी मागायला गेलो, तेव्हा मालकांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि रेषा दिसली तर फ्लॅटचा भाव पडेल असे सरळ सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तासभराच्या चर्चेनंतर त्यांनी जिन्याच्या आतल्या भिंतीवर, वीजमीटरच्या पेटीमागे, गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही अशा जागी रेषा काढू दिली. ती २०२१ ची रेषा मीटरच्याही हातभर वर निघाली. त्यानंतर त्यांनी वायरमनला बोलावून सगळे मीटर पहिल्या मजल्यावर हलवून घेतले.