चाळीस तासांत न मावलेली बस

फेब्रुवारी सरताना गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूची बोंडे पिकू लागली की पणजीतील आमच्या महाविद्यालयात काही बाके रिकामी दिसू लागतात. त्या वर्षी दुसऱ्या सत्रातील विज्ञान शाखेच्या एका मुलीची हजेरी आवश्यक ७५ टक्क्यांच्या खाली गेली, तेव्हा तिची मार्गदर्शक शिक्षिका या नात्याने मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतले. वाळपईजवळ त्यांची काजूची बाग होती आणि दोघांपैकी कोणीही महाविद्यालयात शिकलेले नव्हते.

"दिवसाला चारच तास तर शिकवतात, मॅडम," वडील म्हणाले. "बाय आठवड्यातून दोन सकाळी बोंडे वेचायला राहिली, तर काय बिघडते?"

मी सत्राच्या वीस क्रेडिटपासून, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या एककांपासून, सुरुवात केली, ही माझी चूक. बँकेच्या कर्जाविषयी ऐकावे तसे दोघेही गप्प झाले.

मग मी कोऱ्या कागदावर सात दिवसांचे रकाने आखले. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचे अध्ययन धरलेले आहे. म्हणजे सत्राचे ६०० तास, आणि ते १५ आठवड्यांवर वाटले की आठवड्याला ४० तास येतात. तिच्या बाबतीत त्यांतले १५ तास व्याख्यानांचे आणि, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला आठवड्याला दोन तास द्यावे लागत असल्यामुळे, १० तास प्रयोगशाळेचे होते. उरलेले १५ तास वेळापत्रकात कोठेच छापलेले नसतात. प्रयोगवही, गणिते आणि चाचण्यांची तयारी त्यांतच करायची असते.

"बोंडांचा रस आंबायला ठेवला की तीन दिवस आत काम चालूच असते, तसेच ना?" वडिलांनी विचारले. रस आपोआप आंबतो, अभ्यास आपोआप होत नाही. तरी मी ती उपमा खोडली नाही.

आई मात्र कागदावरून नजर न काढता म्हणाली, "ह्यात बस कुठे आहे?"

जाऊनयेऊन तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ तास. बेरीज ५८ झाली. इतकी वर्षे हे रकाने आखूनही त्यांत बस घालावी, असे मला कधी सुचले नव्हते. त्यावर घरी पोचल्यानंतरची भांडी होतीच, जी मुलीने तोवर मान खाली घालून सांगितलीच नव्हती.

बोंडांसाठी रविवारची सकाळ ठरली आणि भांडी, वडिलांच्या थोड्या नाखुशीने, धाकट्या भावाकडे गेली. कागदाची घडी खिशात ठेवताना वडिलांनी बुडालेले दोन प्रयोग भरून काढता येतील का, असे विचारले. विभागप्रमुखांशी बोलून मी तिला शनिवारची दुपार मिळवून दिली.