टर्बो इंजिनचं ब्रीदिंग: कॅच कॅनच्या आधी प्रेशर मोजा

बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवला, ट्यून झालं, पॉवर मिळाली. मग मागचं मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) गळायला लागलं, डिपस्टिक आपोआप वर सरकू लागली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून निळा धूर. अशा वेळी लोक सील बदलतात, डिपस्टिकला स्प्रिंग अडकवतात आणि टर्बो गेला असं ठरवून मोकळे होतात. तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं: क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात, कोंडलेला दाब. कॅच कॅन, म्हणजे या वायूतलं तेल पकडणारा डबा, ही नंतरची गोष्ट.

पिस्टन रिंग कधीच शंभर टक्के सील करत नाहीत. ज्वलनातला थोडा वायू रिंगच्या बाजूने खाली उतरतो, तो ब्लो-बाय. गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं असतात, आणि क्रँककेसमधून वर येताना तो तेलाची वाफही उचलतो. बूस्टच्या इंजिनात हे प्रमाण वाढणारच, कारण सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो आणि रिंगचा एंड गॅपही (तिच्या दोन टोकांमधली फट) मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) ०.००५ पट धरला, तर ८६ मिमी बोअरला तो ०.४३ मिमी होतो. ब्लो-बाय कमी करायला तो घट्ट ठेवलात, तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खाचांमधली कडा) तुटते. फोर्ज्ड पिस्टन असतील तर थंड इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरमधला क्लिअरन्स आणखी जास्त. म्हणजे ब्लो-बाय असणार हे गृहीत धरायचं आणि त्याला वाट करून द्यायची.

कंपनीच्या रचनेत वाटा दोन असतात. आयडलला आणि क्रूझला मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे क्रँककेसच्या वायूसाठीच्या एकेरी झडपेतून, वायू ओढतो, आणि दुसऱ्या ब्रीदर होजमधून टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपमधली स्वच्छ हवा आत येते. ही हवा क्रँककेस धुऊन काढते, म्हणून तेलात पाणी आणि पेट्रोल साठत नाही. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्येच दाब तयार होतो, पीसीव्ही बंद होतो आणि सगळा ब्लो-बाय उलट दिशेने त्या एकट्या ब्रीदर होजमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. थोडक्यात, वायू सर्वाधिक असतो तेव्हा वाट एकच उरते, आणि तिचं माप मूळ पॉवरसाठी ठरवलेलं असतं.

सुरुवात पीसीव्हीपासून करा. हलवल्यावर खडखडला म्हणजे चांगला, ही परीक्षा अपुरी आहे. काढून मॅनिफोल्डच्या बाजूने फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. जात असेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये भरतोय, आणि मग बाकी कितीही मोठे होज टाका, उपयोग नाही. मूळ व्हॉल्व्ह नैसर्गिक श्वासाच्या इंजिनाचा असेल आणि टर्बो नंतर बसवला असेल, तर त्याच्या स्प्रिंगवर विसंबू नका. मॅनिफोल्ड आणि पीसीव्हीच्या मध्ये पेट्रोल व तेल सोसणारा वेगळा चेक व्हॉल्व्ह टाका, बाण मॅनिफोल्डकडे.

मग मोजमाप. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी. दोन बाजूंच्या पातळीत १० सेंमी फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. जोडणी ऑइल फिलर कॅपला निपल बसवून करा. डिपस्टिकच्या नळीतून नको, कारण बऱ्याच इंजिनांत तिचं खालचं टोक तेलात बुडलेलं असतं आणि आकडा खोटा येतो. मध्ये एक रिकामी बाटली ठेवा, नाहीतर आयडलच्या व्हॅक्यूमने पाणी इंजिनात जाईल. लॉगिंग करायचं असेल तर १ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) वापरू नका. तो साधारण १०५ किलोपास्कलपर्यंतच वाचतो; समुद्रसपाटीला वातावरणाचाच दाब १०१ असतो, त्यामुळे वर जेमतेम ४ उरतात. डिफरन्शियल सेन्सर उत्तम, नाहीतर २ बारचा.

आयडलला हलका व्हॅक्यूम दिसायला हवा. फुल बूस्टवर, टॉप आरपीएमपर्यंत, २ किलोपास्कलच्या बऱ्यापैकी खाली असाल तर निर्धास्त राहा. ५ दिसले तर ब्रीदिंगचं काम काढा. ७ म्हणजे साधारण १ पीएसआय. तिथे माझ्या मते गाडी ट्रॅकवर नेऊच नये. कारण टर्बोच्या ड्रेनमध्ये, म्हणजे टर्बोतलं तेल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) परत नेणाऱ्या नळीत आहे. ही लाइन निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालते, आणि १ किलोपास्कल दाब सुमारे १२ सेंमी उंचीचा तेलाचा स्तंभ तोलून धरतो. टर्बो आणि सम्प यांच्यात उभी उंची १५-२० सेंमी असेल, तर क्रँककेसमधले दोनच किलोपास्कल निचरा रोखायला पुरतात. अडलेलं तेल टर्बाइनच्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून बाहेर पडतं, आणि दोष टर्बोवर येतो.

आकडा वाईट आला तर आधी होजचं माप बघा, कॅन नंतर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: १० मिमीच्या जागी १४ मिमी बोअर घेतलं की वाट जवळपास दुप्पट. एएन-१० (एएन हे होजच्या मापाचे क्रमांक) होजचं आतलं माप साधारण १४ मिमी, एएन-१२ चं १७ मिमीच्या आसपास. पण लांबलचक एएन-१२ होज टाकून टॅपेट कव्हरवरचा (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरचा) मूळ ९ मिमीचा निपल तसाच ठेवला, तर सगळा खर्च पाण्यात. प्रवाह सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो. कव्हरला नवीन फिटिंग वेल्ड करताना आतला बॅफल काढून टाकू नका. कॅमवरून उडणारं तेल तोच अडवतो. फिटिंग बॅफलच्या बंदिस्त भागातच उघडली पाहिजे.

एक मुद्दा नेहमी सुटतो. ब्लो-बाय तयार होतो खाली, आणि हेडपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत) तो वर येतो त्याच वाहिन्यांमधून, ज्यांतून तेल खाली परत जायचं असतं. वायूचा वेग वाढला की तेल हेडमध्येच अडकतं. मग कॅच कॅन तासाभरात भरते आणि सम्पमध्ये तेल कमी पडून लांब वळणावर ऑइल प्रेशर कोसळतं. अशा वेळी हेडवर तिसरा ब्रीदर काढण्यापेक्षा ब्लॉकमधून एक वाट काढा, उदाहरणार्थ बंद केलेल्या यांत्रिक फ्युएल पंपाच्या जागेतून, क्रँकच्या थेट फवाऱ्यापासून दूर आणि आत बॅफल ठेवून.

आता कॅन. रिकामा डबा तेल पकडत नाही. वायू एका तोंडातून येऊन दुसऱ्यातून तसाच निघून जातो. आत वेग मंदावेल इतकी जागा हवी, दिशा बदलणाऱ्या प्लेट हव्यात आणि स्टेनलेस जाळी हवी. रस्त्यावरच्या गाडीला पाऊण ते एक लिटर पुरतं, ट्रॅकसाठी दोन लिटर. जागा टर्बोपासून लांब आणि थंड, होजला कुठेही खाली झोळ नाही. झोळात पाणी साचतं, आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठून वाट बंद झाली की सील पहिल्याच स्टार्टला जातं. थंड कॅनमधलं पाणी-पेट्रोलमिश्रित तेल सम्पमध्ये परत सोडू नका, हाताने काढा. परत सोडायचंच असेल तर कूलंटने गरम राहणारा सेपरेटर घ्या. त्यात पाणी वाफ होऊनच पुढे जातं आणि खाली बहुतांश तेलच उरतं.

कॅन हवेत मोकळी सोडावी का? बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरच्या गाडीत हे कायद्याला धरून नाही, आणि केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच. शिवाय एक ठरलेली चूक होते: ब्रीदरची बाजू हवेत सोडतात आणि पीसीव्ही मॅनिफोल्डला जोडलेलाच ठेवतात. मग आयडलला फिल्टरमधून न मोजलेली हवा आत येते आणि मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. सोडायचं तर दोन्ही बाजू सोडा, मॅनिफोल्डचं तोंड बंद करा आणि तेल लवकर बदला, कारण क्रँककेस धुणारी हवा आता नाही. रस्त्यावर मी बंद रचनाच सुचवेन: पीसीव्हीच्या बाजूला एक सीलबंद छोटी कॅन, ब्रीदरच्या बाजूला दुसरी मोठी, आणि ती पुन्हा इनटेक पाइपला, एअरफ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्या मध्ये. तिथला हलका सक्शन बूस्टवर फुकट मदत करतो. मात्र एअर फिल्टर तुंबलेला असेल तर तोच सक्शन वाढून तेलही ओढतो.

हीटरचा रबरी होज इथे लावू नका, तेलाने तो फुगतो. साधा सिलिकॉनही नको. तो मऊ पडतो आणि त्यातून तेल झिरपतं. नायट्राइल, पीटीएफई किंवा फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या, आणि पीसीव्हीच्या बाजूला जाड भिंतीचा, म्हणजे व्हॅक्यूमने चपटा होणार नाही.

फक्त ट्रॅकसाठी बेल्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप हाही मार्ग आहे. वेट सम्प इंजिनात (तेल खालच्या सम्पमध्येच साठवणाऱ्या) ४० ते ५० किलोपास्कलच्या वर व्हॅक्यूम जाऊ देऊ नका आणि रेग्युलेटर व्हॉल्व्ह लावाच. पिस्टन पिनला तेल उडत्या थेंबांतून मिळतं, ते कमी पडतं.

कॅन रिकामी करताना दर वेळी किती निघालं ते मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा. दुधाळ असेल तर पाणी. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते नेहमीचंच. पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) आहे किंवा इंजेक्टर गळतोय. निव्वळ काळं तेल असेल तर बॅफल किंवा होजचं माप चुकलंय. पण ट्यून तोच, वापर तोच आणि प्रमाण अचानक दुप्पट झालं, तर बूस्ट बंद करून लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के गळते ते बघा. १० टक्क्यांच्या आत ठीक. एकाच सिलिंडरला २० च्या वर गेलं आणि ऑइल फिलरमधून फुसफुस ऐकू आली, तर त्या सिलिंडरची रिंग किंवा रिंग लँड गेलेली असण्याची शक्यता मोठी. हेड उघडावं लागेल.