मावशीची विहीर आणि साडेसात एचपी

सोलर पंपाबद्दल लोकांचा पहिला गैरसमज हा, की ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त. मे महिन्यात आमच्या यवतमाळात पारा ४५ च्या आसपास गेला की फोन सुरू होतात, "साहेब, एवढं ऊन हाय, मंग पाणी काहून कमी?" पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि मेच्या दुपारी काचेखालचा सेल ६५ अंशांवर सहज जातो. चौदा-पंधरा टक्के वीज तिथेच गेली. आमचे खरे महिने जानेवारी-फेब्रुवारी. हवा थंड, आभाळ मोकळं. त्यामुळे ऐन फेब्रुवारीत "पाणी येत नाही" अशी तक्रार मोबाइलवर पडली की मला आधी वायर आठवते, ऊन नाही.

मी आयटीआय झालेला वायरमन. टी-शर्टावर 'सर्व्हिस इंजिनिअर' छापलंय, म्हणून शिवारात मी 'इंजिनेर साहेब'. एजन्सीकडून तक्रार येते, जायचं, दुरुस्ती करायची, फोटो टाकायचा, तक्रार बंद करायची. पैसे बंद केलेल्या तक्रारीचे मिळतात, चालू झालेल्या पंपाचे नाही. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं ऑफिसात सगळे मानतात.

पंप लोकांना आवडतो, यात शंका नाही. चंद्रपूरला कोळशावरचं २९२० मेगावॅटचं केंद्र आमच्याच विदर्भात, पण शेतीला वीज आठ तास, तीही आलटून-पालटून रात्रीची. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात अवनी वाघिणीची दहशत होती तेव्हा रात्री ओलीत करायला कोण जाणार होतं? साप आणि रानडुक्कर तर बारमाही. २०१९ ला केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ ला राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती आमच्या गळ्यात. कोळसा नाही, डिझेल नाही, रात्रीचं जागरण नाही. मी स्वतः बापाला रात्री कंदील घेऊन मोटार चालू करायला जाताना पाहिलंय, तेव्हा ह्या योजनेला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

तर ती तक्रार. एका मावशीची, अडीच एकराची, विहिरीवर ३ एचपी. माझ्याआधी दुसरा पोरगा दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा 'यंत्रणा सुस्थितीत' लिहून आला होता. हा पोरगा गाडीवरून न उतरता पंप तपासतो, असं माझं जुनं मत आहे.

मावशी धुऱ्यावरच उभ्या होत्या. "मोटर चालू होते, अन् घंटाभरात बंद पडते. मंग आपसूकच चालू होते, पुन्ना बंद. हरभरा फुलावर हाय बापू, आता पाणी नाई भेटलं तं घाटे भरत नाई."

मी पेटी उघडली. नऊ पॅनलची माळ, जवळपास चारशे व्होल्ट डीसी. हे लोकांना कळत नाही: डीसीची ठिणगी घरच्या विजेसारखी आपोआप विझत नाही, लागली की जळत राहते. म्हणून पंप चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, आधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडायचा. प्रत्येक जोड हातात धरून पाहिला. कुठे हिरवा गंज नाही, सैल नाही. ही जोडणी माझीच होती हे क्रिम्पवरून, म्हणजे वायरच्या टोकाचा जोड कसा दाबलाय त्यावरून, ओळखलं आणि बरं वाटलं. एका पॅनलच्या कोपऱ्यावर पळसाच्या फांदीची सावली पडत होती. माळेत एका पॅनलवर सावली पडली की सगळ्या माळेची वीज मार खाते, म्हणून ती फांदी तोडायला लावली. पण पंप सावलीमुळे बंद पडत नव्हता.

करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून बसलो. मोटार सुरू झाली, पाइपातून भरून पाणी आलं, पाऊण तासाने धार तुटायला लागली, करंट पडला आणि कंट्रोलरने 'ड्राय रन' दाखवून पंप थांबवला. मोटारीला उचलायला पाणी उरलं नाही की करंट उतरतो, कंट्रोलर ते ओळखतो आणि मोटार जळू नये म्हणून बंद करतो. थोड्या वेळाने पुन्हा चालवून पाहतो. म्हणजे यंत्रणा खरंच सुस्थितीत होती. विहिरीत डोकावलो. चाळीस फूट विहीर, तळाशी घोटाभर गाळ-पाणी.

"मागच्या साली होळीपर्यंत पाणी राहे," मावशी म्हणाल्या आणि हाताने धुऱ्यापलीकडे दाखवलं.

पलीकडे साडेसात एचपी. बोअर सव्वादोनशे फूट, मावशीच्या विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर. तोही आमच्याच एजन्सीने बसवलेला. पाणी पाटाने गव्हात सोडलेलं, वाफे भरून वाटेवर आलेलं. मी मोबाइलवर त्याचा रोजचा आलेख काढला. प्रत्येक पंपात सिम असतं, दिवसभराचा हिशेब सर्व्हरवर जातो. सकाळी आठला सुरू, संध्याकाळी साडेपाचला बंद, रोज. ऑफिसच्या लेखी हा तालुक्यातला नमुनेदार पंप.

शेतकरी माझ्यापेक्षा थोडा मोठा, सरळ माणूस. "म्या मावशीच्या पाण्यावर डोळा नाई ठेवला साहेब. बोंडअळीनं दोन सालं कापूस खाल्ला, कर्ज काढून बोअर मारला. पयल्यांदा गहू हाय वावरात. अन् बंद कायले करू? सूर्याले बिल येते का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिझेल इंजिन होतं तेव्हा लिटरमागे पैसे जात, माणूस मोजून पाणी द्यायचा. विजेचा पंप आठ तासांनी लाइनच बंद करायची. सोलरला बंद करणारं कोणीच नाही, संध्याकाळ सोडून.

आमचा काळा दगड कसा आहे ते बोअरवाल्यांना विचारा. वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत काय असेल तेवढंच पाणी, खाली सगळा ठोक पाषाण. बोअरला केसिंग, म्हणजे आतून बसवायचा पाइप, वरच्या मुरमापुरतंच टाकतात, पैसे वाचतात. मग वरच्या भेगांतलं, म्हणजे विहिरीच्या वाट्याचं पाणीसुद्धा बोअरमध्ये उतरतं. हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. म्हणून त्याला म्हटलं, भाऊ, जेवणापुरता बंद करा, पाहू काय होते. तो हसला, पण आयसोलेटर पाडला.

आम्ही तिघं विहिरीच्या काठावर बसलो. मावशीने भाकर आणि ठेचा सोडला. विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला, तळापासून तिसऱ्या थराच्या चिऱ्याखाली नुसता ओला डाग होता. तासाभराने डागाच्या खालच्या टोकाशी थेंब धरायला लागला. मग थेंबाची ओळ झाली. आणखी थोड्या वेळाने करंगळीएवढी धार चिऱ्यावरून खाली घरंगळायला लागली आणि तळाच्या पाण्यावर तिचा आवाज यायला लागला. मावशी काही बोलल्या नाहीत. भाऊ उठला, वाकून पाहिलं, परत बसला आणि तंबाखू मळायला लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे तं एकच पाणी हाय."

खात्यांना हे सांगायला जा. कुसुमच्या मूळ नियमात अतिशोषित भागात, म्हणजे जिथे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं तिथे, नवे सोलर पंप नाहीत, फक्त डिझेलचा बदलून द्यायचा, तोही ठिबक-तुषार असेल तर. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात त्याला अर्थ आहे. आमचं गाव सरकारी हिशेबात 'सुरक्षित', म्हणजे ही अट आम्हाला नाहीच. कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या विहिरीला ५०० मीटरचं संरक्षण आहे, मावशीच्या हरभऱ्याला नाही. पोकरा ह्या राज्याच्या शेती प्रकल्पात गावोगाव पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी येतं आणि किती लागतं ह्याचा हिशेब, मांडला होता. ह्या गावातही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवलेला आहे, आकडे अजून वाचता येतात. पंप मंजूर करणारा तो वाचत नाही. सर्व्हे करणारी पोरं सप्टेंबरात येतात, विहीर काठोकाठ भरलेली, फोटो काढतात, 'पाणी उपलब्ध' लिहितात. सप्टेंबरात तर माझ्या अंगणातही पाणी उपलब्ध असतं.

पॅनल किती लागले ह्याचे बोर्ड लागतात आणि कोळसा किती वाचला तेही सांगतात. ते खोटं नाही. २०३० पर्यंत देशात कोळसा-तेलाशिवायच्या विजेची क्षमता ५०० गिगावॅट करायची म्हणतात, त्यातले मावशीचे तीन किलोवॅट मी माझ्या हाताने जोडलेत. पण खालचं पाणी ह्यातल्या कुठल्याच खात्याच्या रकान्यात बसत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघांचं ठरलं. एक दिवस भाऊचा पंप, एक दिवस मावशीचा, गहू-हरभरा निघेपर्यंत. भाऊ पुढच्या हंगामात तुषार घेतो म्हणाला, अनुदानाचा अर्ज कृषी खात्याकडे वेगळा, तेवढं फिरायला त्याला वेळ मिळेल तेव्हा. कोणाच्या कागदावर हे नाही. मी मावशीची तक्रार 'स्रोतात पाणी नाही' हे कारण निवडून बंद केली. दुसरं लागू पडणारं कारण यादीत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी नवी तक्रार आली, ह्या वेळी शेतकऱ्याची नाही, थेट वरच्या मॉनिटरिंगकडून. भाऊच्या साडेसात एचपीची वीजनिर्मिती निम्म्यावर आली आहे, पंप एक दिवसाआड बंद दिसतो, जागेवर जाऊन दोष शोधा, कारण नोंदवा. गेलो. पंप बंद होता, मावशीकडे पाणी चालू होतं, भाऊ खत टाकत होता. यादी उघडली. वायर तुटली, मोटार जळली, पॅनल चोरीला, कंट्रोलर नादुरुस्त, स्रोतात पाणी नाही, ढगाळ हवामान.

डोक्यावर लख्ख ऊन होतं. मी 'ढगाळ हवामान' निवडलं. ऑफिसातल्या पोरीचा लगेच फोन आला, की शेजारचाच ३ एचपी आज फुल चालतोय, मग ढग एकाच वावरावर कसे? तिला म्हटलं, तू एकदा इकडे ये.