भाट्ये ते गावखडी : सुकतीला शोधलेल्या जागा

मंडळी, पावसाळ्यानंतर पाणी निवळलं तेव्हापासून एकच काम हातात घेतलंय. रत्नागिरीच्या दक्षिणेला, भाट्याच्या खाडीपासून पूर्णगड-गावखडीपर्यंत, पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) आणि खडपातून (खडकाळ किनाऱ्यावरून) गरवता, म्हणजे गळाने मासे पकडता येतील अशा जागा नीट हुडकून त्यांची वही करायची. आतापर्यंत जे हाती लागलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी महत्त्वाचं. जागा शोधायची ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, आणि गरवायची ती अष्टमीच्या मागच्या-पुढच्या भरतीला. कोकणातला जुना हिशेब बहुतेकांना ठाऊक असेल : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की भरतीची साधारण वेळ मिळते. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला. उधाणाच्या दिवसांत समुद्र सगळ्यात लांब सरकतो तो नेमका आपल्याला उजेड असताना. एरवी पाण्याखाली असलेला कातळ त्या तासाभरात उघडा पडतो. उलट अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, शिवाय भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि उभं राहायची शिळा बुडत नाही. दिवस उजाडताना खडपात भरलेलं पाणी, याहून चांगली वेळ मला तरी माहीत नाही. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरतीचं कोष्टक बघावंच, पण महिन्याची आखणी करायला तिथी पुरते.

शोधायला जाताना मी रॉड नेत नाही. रॉड हातात असला की पाय एका जागी थांबतात. सोबत फक्त जाड तळव्याचे बूट, मोबाईल, एक काठी आणि पाणी.

गणेशगुळ्याची पुळण संपून खडप सुरू होतं तिथली एक घळ सांगतो, कारण मला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र आहेत. दोन कातळांच्या मधून ती सरळ समुद्राकडे जाते. रुंदी माझ्या दहा फुटी रॉडपेक्षा थोडी कमी. तळाला वाळू, दोन्ही भिंतींवर कालवं, आणि डाव्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर आत गेलेली कपार. पौर्णिमेच्या सुकतीला काठी टेकवून बघितलं तर तोंडाशी पाणी कमरेएवढं, आत घोट्याएवढं. कपारीत कुर्ल्या, चिरांमध्ये बारकी कोळंबी. चढत्या पाण्याबरोबर मासा खायला आत शिरणार तो याच वाटेने, बाजूच्या सपाट कातळावर त्याचं काहीच काम नाही.

पण भरतीला हे सगळं पाण्याखाली जातं आणि वरून सगळीकडे सारखाच फेस दिसतो. म्हणून घळीच्या तोंडाशी उभं राहून किनाऱ्याकडे बघत दोन खुणा धरल्या : एक खाच पडलेली शिळा आणि तिच्या बरोब्बर मागे दोन माडांमधली फट. दोन्ही एका रेषेत आल्या की मी घळीसमोर आहे. तसा फोटो काढून ठेवलाय. उपग्रहाच्या नकाशावर काळे डाग दिसतात ते सुरुवातीला उपयोगी पडतात, पण तो फोटो भरतीचा की ओहोटीचा ते कळत नाही. पायी फिरण्याला पर्याय नाही.

मग अष्टमीच्या पहाटे गेलो. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा पाठीवर, पाणी शांत, हिरवट. बोय माशाचा तुकडा गरीला लावून घळीच्या तोंडाशी टाकला आणि उजाडता उजाडता तांबोशी लागली. ती लागल्या क्षणी कपारीकडेच वळली, सुकतीला बघून ठेवलेल्या त्याच डाव्या भिंतीकडे. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच घट्ट ठेवला होता आणि रॉड उजवीकडे झुकवून तिला वाळूवर ओढली. ती कपार डोळ्यांनी बघितली नसती तर कुठल्या बाजूला खेचायचं ते कळलंच नसतं. त्या दिवशी फार आनंद झाला.

जोडणी साधी आहे. ब्रेड (रिळावरचा विणलेला दोर) तीस पौंडी, लीडर (गरीजवळचा जाड दोर) पन्नास पौंडी, कारण कालवांना घासून बारीक दोर टिकत नाही. शिसं मात्र वेगळ्या, दहा पौंडी तंगुसाने (नायलॉनच्या दोराने) लोंबतं ठेवतो. कातळात अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा आपल्याकडे राहतात.

भाट्याला काजळी नदीच्या मुखाशी गणित उलटं. तिथे वाळूची पट्टी दर पावसाळ्यानंतर जागा बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या खुणा या वर्षी चालत नाहीत. उधाणाची ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर पडतं, पट्टीच्या कडेला गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसते. त्या रेघेवर मुडदुशी मिळाली, शिंगाळे तर नको तेवढे. शिंगाळ्याचा काटा हाताला लागू देऊ नका, पक्कड वापरा. रावसाची वाट अजून बघतोय.

पूर्णगडाच्या बाजूला मुचकुंदी नदीचं मुख आणि खडप दोन्ही आहे. तिथे नेहमी पागायला, म्हणजे फेकायचं जाळं टाकायला येणाऱ्या एका काकांना विचारलं, काका, बोय कुठून फिरते? त्यांनी बोटाने कातळाच्या कडेची अख्खी वाट दाखवली. पाग टाकणाऱ्यांना नमस्कार करून विचारावं आणि त्यांच्या जागेपासून लांब उभं राहावं. बोय जिथून जाते तिथे मोठा मासा मागावर असतोच.

सुरक्षेचं बोलायलाच हवं. शिळेवर चढण्याआधी मी थोडा वेळ नुसता लाटा बघत बसतो. बारक्या लाटांमागून अधूनमधून मोठ्या तीन-चार येतात, त्या कुठपर्यंत पोचतात ते ओल्या कातळावरून कळतं. काळा, ओला, शेवाळलेला कातळ म्हणजे तिथे उभं राहायचं नाही. परतीची वाट भरतीने बुडणारी असेल तर ती जागा कितीही चांगली असो, वहीत तिच्यावर काट मारतो. एकट्याने खडपात जाणं बंद केलंय.

गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या मोसमात रात्री तिथे मी बॅटरी लावत नाही, गरवतही नाही. तुटलेला तंगूस तर कुठेच टाकू नये, खिशात घालून घरी आणावा.

येत्या अमावास्येला गावखडीच्या पलीकडचं खडप बघायचं ठरलंय. तिकडच्या कुणाला वाटा माहीत असतील तर सोबत या. संध्याकाळी चारला निघू, म्हणजे सुकतीच्या आधी तासभर मिळेल.