एमाच्या हातातले प्लग

फासबिंडरचा ‘आई क्युस्टर्सचा स्वर्गप्रवास’ हा १९७५ सालचा जर्मन सिनेमा परवा तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी माझं लक्ष सारखं एमाच्या, म्हणजे या आई क्युस्टर्सच्या, हातांकडे जात होतं.

फ्रँकफर्टमधल्या एका कामगाराचं स्वयंपाकघर. टेबलावर विजेच्या प्लगचे सुटे भाग पसरलेत आणि एमा घरबसल्या ते जोडते आहे. तेवढ्यात कळतं, की कारखान्यातून माणसं काढणार म्हटल्यावर नवऱ्याचं भान सुटलं. त्याने तिथे एकाचा जीव घेतला आणि मग स्वतःचाही.

मग दारात पत्रकार. नीमायर आत येतो, गोड बोलतो, फोटो काढतो. एमाला वाटतं, आपला हेर्मान कसा शांत होता, हे आता लोकांना कळेल. छापून येतो तो भलताच माणूस. इथे मला दर वेळी आईची आठवण येते. बाबा गेल्यावर भेटायला येणारे ‘कसं झालं?’ विचारायचे, ती परत पहिल्यापासून सांगायची, आणि ते बाबा मात्र कसे होते, हे कुणी विचारायचं नाही.

मुलगा आणि सून सुट्टीला निघून जातात. क्लबात गाणारी मुलगी बापाच्या कुप्रसिद्धीवर आपलं नाव मोठं करते. राहता राहिले थेलमान, सुखवस्तू कम्युनिस्ट जोडपं. त्यांच्याबद्दल मला नीमायरएवढा राग येत नाही, कारण ते तिचं खरंच ऐकून घेतात. पक्षाच्या सभेत ती बोलते, तेव्हा एमा झालेल्या ब्रिगिटे मिराच्या चेहऱ्यावर काय उजळतं ते पाहाच. पण पक्षाला इतर कामं असतात. मग एक अराजकवादी तरुण तिला गाठतो आणि ती त्याच्यासोबत, नीमायरचा लेख छापणाऱ्या मासिकाच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसते.

शेवट दोन आहेत. जर्मन शेवटात गोळीबार होतो आणि एमा मरते. तो दाखवलेलाही नाही, नुसता मजकूर पडद्यावर येतो. अमेरिकेसाठी केलेल्या शेवटात सोबतचे एकेक करून उठून जातात आणि ती एकटीच जमिनीवर बसून राहते. कचेरी बंद करायला आलेला पहारेकरी तिला घरी जेवायला बोलवतो. तोही विधुर. त्याला तिच्याकडून काही वदवून घ्यायचं नसतं, कसली सही नको असते.

हा शेवट गोडगोड आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. दोन तास प्रत्येकाने तिच्याकडून काही ना काही नेलेलं पाहिल्यावर हा माणूस मला खोटा वाटत नाही, दुर्मीळ वाटतो.

त्याच्या घरी जेवायला असतं ‘हिमेल उंड एर्डे’. सफरचंदं आणि बटाटे, सोबत रक्ताचं सॉसेज. सफरचंद झाडावरचं, बटाटा जमिनीतला, म्हणून आकाश आणि पृथ्वी. जर्मनमध्ये आकाश आणि स्वर्ग यांना एकच शब्द आहे, हिमेल. सिनेमाच्या नावातही तोच आहे.