पदराची उलटी बाजू

“ताई, खरं सांगू? हातमागाची नाहीये ही.” मेनरोडवरच्या एका दुकानात सेल्समन पोरगा इतकं हळू बोलला की मला परत विचारावं लागलं.

बाहेर बोर्ड केवढा मोठा, ‘अस्सल हातमागाची येवला पैठणी, ७०% सूट’. मी फक्त पदर उलटून बघितला होता. हातमागाच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, इथे मागे नुसते कापलेले सुटे धागे.

पावरलूमची साडी वाईट नसते, मी स्वतः नेसते, पण मग तसं लिहा ना बोर्डावर! येवला इथून दोन तासांवर, तिथे विणकर एकेका पैठणीसाठी महिना महिना मागावर बसतो आणि इथे त्याचंच नाव लावून मशीनचा माल विकायचा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पण बोर्ड तसाच झळकतोय.

मालक जवळ आला तसा पोरगा गप्प, मान खाली घालून साड्यांच्या घड्या घालायला लागला.

मी काही न घेता निघाले. मालकाने ऐकलं तर नसेल ना त्याचं बोलणं?